दुसऱ्या पसंतीचा पक्ष

पदवीधर मतदारसंघाची निवडणूक आली की कोल्हापूरच्या मतदाराच्या हातात केंद्रावर जांभळा स्केच पेन दिला जातो. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे मिळून विधान परिषदेवर एक पदवीधर आणि एक शिक्षक आमदार पाठवतात. तिथे बटण नसतं, नावापुढे आकडा लिहायचा असतो. सगळ्यांत आवडता त्याला १, तो नाही जमला तर कोण त्याला २, मग ३. विधानसभेला तोच मतदार यंत्रासमोर उभा राहतो, एक बटण दाबतो, बीप वाजतो, विषय संपला. ‘हा नाही तर कोण’ हे त्याला कुणी विचारतच नाही.

मधल्या वाटेनं जाणारा तिसरा पक्ष राज्याच्या राजकारणात वारंवार का आपटतो, याचं निम्मं उत्तर या दोन पद्धतींच्या फरकात आहे. नेतृत्व कमी पडलं, पैसा पुरला नाही, कार्यकर्ते फुटले, ही कारणं खोटी नाहीत. पण त्यांच्या आधी एक गणित उभं असतं. मधल्या पक्षाकडे दुसऱ्या पसंतीची मतं ढिगानं असतात आणि पहिल्या पसंतीची मोजकी. आपलं मतदान यंत्र फक्त पहिली पसंती मोजतं.

हे गणित कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठावर मांडून बघू. संध्याकाळी काठाच्या सरळ रस्त्यावर १०० माणसं एकेका पावलाच्या अंतरानं उभी आहेत. ३५ व्या पावलावर भेळेचा एक गाडा, ६५ व्या पावलावर दुसरा. चव सारखी, भाव सारखा, त्यामुळे प्रत्येक जण जवळच्या गाड्यावर जातो. धंदा ५०-५० वाटला जातो. आता तिसरा गाडेवाला येतो आणि विचार करून बरोबर मधोमध, ५० वर गाडा लावतो. जागा सगळ्यांत मोक्याची, कारण सरासरी काढली तर कुणालाच त्याच्याकडे यायला फार चालावं लागत नाही. पण गिऱ्हाईक किती? ३५ आणि ५० यांचा मध्य साडेबेचाळीस, ५० आणि ६५ यांचा साडेसत्तावन. मधल्याच्या वाट्याला फक्त त्या दोन आकड्यांमधली १५ माणसं येतात. डावीकडच्याला साडेबेचाळीस, उजवीकडच्यालाही साडेबेचाळीस. मोक्याच्या जागेचा मालक तिसरा येतो, आणि तोही लांबचा तिसरा.

हीच माणसं, हेच गाडे, पण आता खासबागेच्या कुस्ती मैदानासारखी एकास एक जोड लावा. मधला विरुद्ध डावा : साडेबेचाळीसच्या पलीकडची सगळी माणसं मधल्याची, म्हणजे साडेसत्तावन टक्के. मधला विरुद्ध उजवा : पुन्हा साडेसत्तावन. दोन्ही कुस्त्या त्यानं निकाली मारल्या. तिघांना एकदम आखाड्यात सोडलं की मात्र तो सगळ्यांत आधी बाहेर. एकास एक लढतीत प्रत्येकाला हरवणारा उमेदवार हाच खरा विजेता मानावा, असं फ्रान्सच्या काँडोर्सेनं १७८५ मध्ये मांडलं होतं. म्हणून अशा उमेदवाराला काँडोर्से विजेता म्हणतात. आपल्या पद्धतीत असा विजेता अनामत गमावू शकतो. यात चोरी नाही, यंत्रात बिघाडही नाही.

याच मांडणीतून एक सोपा नियम निघतो. माणसं सारख्या अंतरावर उभी असतील तर मधल्याचा वाटा हा दोन बाजूंच्या गाड्यांमधल्या अंतराच्या बरोबर निम्मा असतो. अंतर ३०, वाटा १५. मधला जिंकायचा असेल तर हे अंतर एकूण रस्त्याच्या दोन तृतीयांशांहून जास्त हवं. गाडे १६ आणि ८४ वर असतील तर अंतर ६८, मधल्याला ३४, बाकीच्या दोघांना ३३-३३. थोडक्यात, मधल्या पक्षाचं नशीब त्याच्या स्वतःच्या हातात कमी असतं. मोठे दोन पक्ष एकमेकांपासून किती लांब गेलेत यावर ते ठरतं. आणि ते लांब राहतातच असं नाही. दुकानांच्या जागेचं हे कोडं अर्थशास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉटेलिंगनं १९२९ मध्ये मांडलं आणि अँथनी डाउन्सनं १९५७ मध्ये ते पक्षांना लावलं. दोघांचा निष्कर्ष असा की दोनच स्पर्धक असतील तर दोघंही मध्याकडे सरकत येतात. तिसऱ्यानं मधे दुकान मांडलं आणि ते चालायला लागलं, की डावीकडचा चार पावलं आत येतो, उजवीकडचा चार पावलं आत येतो, आणि मधल्याचा वाटा १५ वरून ११ वर घसरतो. रोजच्या भाषेत याला ‘जाहीरनामा पळवला’ म्हणतात.

खऱ्या समाजात माणसं सारख्या अंतरावर उभी नसतात, हे कबूल. मधे गर्दी जास्त असेल तर मधल्याचा वाटा वाढतो. पण गर्दी मधे आहे हे मोठ्या पक्षांनाही दिसतंच, त्यांचे सर्व्हे दर आठवड्याला चालू असतात.

एवढ्यावर भागत नाही. आतापर्यंत माणसं जवळच्या गाड्यावर जात होती. निवडणुकीत ती आधी हिशेब करतात. मोरिस द्युव्हर्जे या फ्रेंच राज्यशास्त्रज्ञानं १९५१ मध्ये दाखवलं की ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो निवडून, अशी पद्धत असली की राजकारण दोन पक्षांकडे झुकतं, आणि ते दोन पायऱ्यांनी घडतं. पहिली पायरी यांत्रिक : मतं मिळतात, जागा मिळत नाहीत. दुसरी मानसिक : पहिली पायरी एकदा पाहिलेला मतदार पुढच्या वेळी मनाशी म्हणतो, माणूस चांगला आहे, पण मत वाया जाईल. मग १५ टक्क्यांतलेही निम्मे ऐनवेळी सरकतात. गॅरी कॉक्स या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञानं पुढे याचा सर्वसाधारण नियम बांधला. ज्या लढतीतून जितक्या जागा निवडायच्या, त्यापेक्षा एकच जास्त उमेदवार टिकतो. एका जागेसाठी दोन. म्हणजे चार जणांच्या प्रभागात पाच गट टिकायला हवेत? नाही. महापालिकेच्या प्रभागात अ, ब, क, ड या प्रत्येक जागेची लढत वेगळी आणि प्रत्येकीत एकच विजेता असतो. चार वेळा दोघांचीच कुस्ती.

हा नियम मतदारसंघापुरता असतो, राज्यापुरता नव्हे, आणि सगळी गंमत इथेच आहे. कोणत्या दोघांची लढत, हे नियम सांगत नाही. २००९ च्या लोकसभेला कोल्हापुरात सदाशिवराव मंडलिकांना राष्ट्रवादीची उमेदवारी मिळाली नाही. ते अपक्ष उभे राहिले आणि राष्ट्रवादीचे संभाजीराजे यांना हरवून निवडून आले. शिवसेनेचा उमेदवार तिसऱ्या क्रमांकावर गेला. लढत दोघांचीच झाली, फक्त त्या दोघांत एक अपक्ष होता. बाहेरचा माणूस जिंकतो तो असा. मतदानाच्या आधीच तो लोकांच्या मनात पहिल्या दोघांत जाऊन बसलेला असतो. त्यासाठी स्वतःचा गट, संस्था, वर्षानुवर्षांच्या गाठीभेटी लागतात. ‘आम्ही दोघांच्या मधले’ एवढ्या भांडवलावर ते होत नाही.

उलट बाजू २०२४ च्या लोकसभेला हातकणंगल्यात दिसली. धैर्यशील माने यांनी सत्यजित पाटील सरूडकरांना साधारण साडेतेरा हजार मतांनी हरवलं. दोन्ही आघाड्यांबाहेर राहून लढलेले राजू शेट्टी तिसरे, आणि त्यांची मतं पावणेदोन लाखांच्या वर. म्हणजे फरकाच्या तेरापट. निकालानंतर प्रत्येक चहाच्या टपरीवर एकच वाद : शेट्टींनी कुणाची मतं खाल्ली? दोन्ही बाजूंचे लोक छातीठोकपणे सांगत होते. खरं तर हे कुणालाच सांगता येणार नाही. त्या पावणेदोन लाख लोकांची दुसरी पसंती कुठेच नोंदलेली नाही. यंत्रानं ती विचारलीच नव्हती.

मतं किती यापेक्षा ती कुठे आहेत हे किती महत्त्वाचं, याचा नमुनाही आपल्याच जिल्ह्यात आहे. वारणानगरच्या विनय कोरेंचा जनसुराज्य शक्ती पक्ष २००४ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी त्याचे ४ आमदार आले. २०१४ ला शून्य, २०१९ ला १, २०२४ ला शाहूवाडी आणि हातकणंगले मिळून २. त्याच २०२४ ला मनसेला राज्यभर दीड टक्क्याच्या आसपास मतं पडली, जनसुराज्यपेक्षा कितीतरी जास्त, आणि जागा शून्य. ३ लाख मतं २८८ मतदारसंघांत सारखी पसरली तर प्रत्येकी हजारभर येतात, अनामत जाते. तीच तीन मतदारसंघांत एकेक लाख असली तर तीन आमदार होऊ शकतात. अर्थात २०२४ ला जनसुराज्य महायुतीसोबत होता; ते दोन विजय एकट्यानं मारलेले नाहीत. त्याच वेळी दोन्ही आघाड्यांना पर्याय म्हणून शेट्टी, बच्चू कडू आणि संभाजीराजे यांनी उभी केलेली परिवर्तन महाशक्ती राज्यभर लढली आणि तिला एकही जागा मिळाली नाही. मध्यममार्गी पक्षाची अडचण इथे दुप्पट होते. त्याचा मतदार स्वभावतःच विखुरलेला, प्रत्येक गावात थोडा थोडा.

अमेरिकेतल्या राज्यांत हे प्रयोग बरेच झालेत. मिनेसोटात १९९८ मध्ये रिफॉर्म पार्टीचा जेसी व्हेंचुरा राज्यपाल झाला. हा पूर्वीचा व्यावसायिक कुस्तीगीर, कोल्हापूरकरांनी लक्षात ठेवावा असा. त्याला ३७ टक्के, रिपब्लिकन उमेदवाराला ३४, डेमोक्रॅटला २८. त्या राज्यात मतदानाच्या दिवशीच केंद्रावर नाव नोंदवता येतं, त्यामुळे एरवी मत न देणारे तरुण थेट येऊन मत देऊन गेले. पण तिथे राज्यपाल थेट जनतेतून निवडला जातो. खुर्ची मिळाली, विधिमंडळात पाठबळ जवळपास नाही. पुढे त्याचा पक्ष इंडिपेंडन्स पार्टी या नावानं चालला. २००२ ला राज्यपालपदासाठी १६ टक्के, २०१० ला १२, आणि २०१४ ला आवश्यक ५ टक्केही न मिळाल्यानं प्रमुख पक्षाचा दर्जा गेला. द्युव्हर्जेची दुसरी पायरी हळूहळू चढली जाते ती अशी.

आकडे लिहून काय होतं

मग पदवीधरसारखी पसंतीक्रमाची पद्धत विधानसभेला आणली तर मधल्याचं भलं होईल का? आधी ती चालते कशी ते नीट बघू, कारण त्यात मतं वाया घालवणारे पदवीधरच असतात. केंद्रावर दिलेलाच जांभळा स्केच पेन वापरायचा. खिशातल्या पेनानं लिहिलं की मत बाद. आकडा 1, I किंवा मराठी १ असा चालतो, पण ‘एक’ असं अक्षरात लिहिलं की बाद. बरोबरची खूण केली, सही केली, १ दोघांना दिला, किंवा १ लिहायचा राहून नुसताच २ लिहिला, तरी बाद. फक्त १ लिहून थांबलं तर मत वैध. मोजणीत वैध मतांचा निम्मा अधिक एक हा कोटा : १ लाख वैध मतं असतील तर ५०,००१. पहिल्या फेरीत कुणी कोटा गाठला नाही की सगळ्यांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या गठ्ठ्यातल्या मतपत्रिका त्यांच्यावरच्या पुढच्या आकड्याप्रमाणे इतरांकडे जातात. पुढचा आकडाच नसेल तर ती मतपत्रिका तिथेच संपते.

आता रंकाळ्यावर परत या. पहिल्या फेरीत साडेबेचाळीस, १५, साडेबेचाळीस. आधी बाद कोण? मधला. ज्यानं दोन्ही कुस्त्या मारल्या असत्या तोच. त्याची १५ मतं इकडेतिकडे वाटली जातात आणि दोन टोकांतला एक जिंकतो. अभ्यासक याला मधल्याची कोंडी म्हणतात. पसंतीक्रमात दुसरी पसंती विचारली जाते खरी, पण मोजली जाते फक्त बाद झालेल्यांची. मधल्याला मिळणारी ढीगभर दुसरी पसंती उघडायच्या आत तो घरी गेलेला असतो.

हे कागदावरचं भय नाही. अलास्का राज्यात ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या एका जागेसाठी याच पद्धतीनं पोटनिवडणूक झाली. डेमोक्रॅट मेरी पेल्टोला ४० टक्के, कडव्या रिपब्लिकन सेरा पेलिन ३१, आणि दोघींच्या मधला रिपब्लिकन निक बेगिच साडेअठ्ठावीस. बेगिच बाद झाला. त्याच्या मतदारांपैकी निम्म्यांनीच पेलिनला दुसरी पसंती दिली होती, काहींनी पेल्टोलाला, काहींनी पुढे कुणालाच नाही. पेल्टोला साडेएक्कावन्न टक्क्यांनी जिंकल्या. नंतर मतपत्रिकांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की एकास एक लढतीत बेगिचनं दोघींनाही हरवलं असतं.

मतपत्रिका तीच ठेवून मोजणी बदलली तर कोंडी सुटते. प्रत्येक जोडीचा वेगळा तक्ता करायचा, कुणी कुणाला किती पत्रिकांवर मागे टाकलं ते मोजायचं, आणि सगळ्यांना हरवणारा असेल त्याला विजयी करायचं. सहा उमेदवार म्हणजे १५ जोड्या, संगणकाला किरकोळ काम. अडचण अशी की कधी कधी अ नं ब ला, ब नं क ला आणि क नं अ ला हरवलं अशी चक्री बसते. मग वेगळा नियम लागतो. दुसरा मार्ग मान्यता मतदानाचा : जे जे चालतील त्या सगळ्यांपुढे खूण करा, क्रम नको. ब्रॅम्स आणि फिशबर्न यांनी १९७८ मध्ये तो मांडला. आपल्या गाड्यांवर हिशेब केला तर मजा दिसते. प्रत्येक माणूस ३० पावलांपर्यंतचा गाडा ‘चालेल’ म्हणत असेल तर तिघांनाही ६०-६० खुणा, बरोबरी. ४० पावलांपर्यंत चालेल म्हटलं तर मधल्याला ८०, बाजूच्यांना ७५. सीमा ३५ पावलांवर आहे. मतदाराचं मन त्याहून मोठं असेल तरच मधला पुढे सरकतो.

दूध संघ, साखर कारखाना, सोसायटीच्या निवडणुकीत खुणा अनेक करता येतात, म्हणून ते मान्यता मतदान वाटेल, तसं नाही. तिथे जितक्या जागा तितक्या खुणा, आणि पॅनेल टू पॅनेल मतदान झालं की थोड्या आघाडीवरचं पॅनेल जवळपास सगळ्या जागा घेऊन जातं. तिसऱ्या पॅनेलची अवस्था विधानसभेतल्या तिसऱ्या पक्षापेक्षा वाईट. क्रॉस व्होटिंग झालं तरच एखादा चेहरा वाचतो.

मध्य म्हणजे नेमकं कुठे

आतापर्यंत रस्ता एकच होता. कोल्हापूरचं राजकारण डावं-उजवं या एका रेषेवर चालतं असं म्हणणाऱ्यानं इथे एक निवडणूकही पाहिलेली नसावी. ऊसदर, गट, जात, कारखाना, पाणी, शहर विरुद्ध गाव अशा कितीतरी रेषा एकमेकींना छेदतात. रिचर्ड मॅकेल्वीनं १९७६ मध्ये गणितानं सिद्ध केलं की प्रश्न दोन किंवा अधिक दिशांचे झाले की बहुमतानं न हरवता येणारा ‘मध्य’ सहसा उरतच नाही. कोणतीही भूमिका घ्या, तिला हरवणारी दुसरी भूमिका निघते.

एकाच प्रश्नावरचा मध्यही किती निसरडा असतो ते हद्दवाढीत दिसलं. शहराला आसपासची गावं हवी, गावांना घरफाळा आणि महापालिका नको. मधला तोडगा म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांचं कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. रेषेवर ते अगदी मधोमध होतं. शहरवाल्यांना ती हद्दवाढीला दिलेली बगल वाटली आणि गावांना बांधकाम परवान्याची नवी कटकट. काँडोर्से विजेता कागदावर सगळ्यांना चालतो. प्रत्यक्षात त्याच्यासाठी मोर्चा कुणी काढत नाही. मधल्या भूमिकेला विरोधक दोन आणि झेंडा घेणारा एकही नाही, ही गोष्ट समीकरणात मांडता येत नाही, पण प्रचारात ती सगळ्यांत आधी जाणवते.

तरीही ज्यांना असा पक्ष काढायचाच आहे, त्यांच्यासाठी नियमांचा हिशेब. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९-अ कलमाखाली, पक्ष स्थापन झाल्यापासून ३० दिवसांत, किमान १०० मतदार सभासदांच्या यादीसह निवडणूक आयोगाकडे अर्ज करायचा. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला सूचक एक पुरतो, इतरांना १० लागतात, आणि ते दहाही त्याच मतदारसंघातले मतदार हवेत. छाननीत अर्ज उडतात ते बहुतेकदा इथे. विधानसभेची अनामत १० हजार, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला ५ हजार. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली तरच ती परत. २ लाख ४० हजार वैध मतांच्या मतदारसंघात ४० हजारांच्या वर जावं लागतं. २०२४ ला राज्यात सगळ्यांत जास्त मतदान कोल्हापूर जिल्ह्यात झालं. मतदान वाढलं की हा उंबरठाही वाढतो. राज्य पक्षाची मान्यता आणि कायमचं चिन्ह हवं तर विधानसभेला ६ टक्के मतं आणि २ आमदार, किंवा ३ टक्के जागा, म्हणजे महाराष्ट्रात ९ आमदार, किंवा एकही आमदार नसताना ८ टक्के मतं. तोवर दर निवडणुकीला चिन्ह मागून घ्यायचं. कपबशी, शिट्टी, जे मिळेल ते, आणि पंधरा दिवसांत ते घराघरांत पोचवायचं.

एवढं करून ५-१० आमदार आले तर त्यांची किंमत किती? तीही जागांच्या प्रमाणात नसते. २८८ च्या सभागृहात बहुमत १४५ चं. समजा एका आघाडीचे १४०, दुसरीचे १३८, मधल्या पक्षाचे १०. कोणतेही दोन एकत्र आले तरच सरकार बनतं, त्यामुळे शॅप्ली आणि शुबिक यांनी १९५४ मध्ये दिलेल्या मोजमापानं तिघांची ताकद अगदी सारखी, प्रत्येकी एक तृतीयांश. साडेतीन टक्के जागा, तेहतीस टक्के ताकद. तोच पहिला आकडा १४० ऐवजी १४६ झाला आणि दुसरा १३२, तर मधल्या पक्षाचे १० जसेच्या तसे असूनही ताकद शून्य. सहा आमदारांचा फरक, तोही दुसऱ्याच्या पक्षातला. २०२४ ला महायुतीचे २३० आमदार आले तेव्हा लहान पक्षांचं गणित मतमोजणीच्या दिवशी दुपारीच मिटलं होतं.

आणि ताकद आली की दुसरी भीती सुरू होते. पक्षांतरबंदी कायद्यात २००३ च्या दुरुस्तीनंतर पक्षातल्या दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याला मान्यता दिली तर त्यांची आमदारकी वाचते. मोठा पक्ष गिळायचा तर डझनावारी आमदार वळवावे लागतात. तीन आमदारांच्या पक्षात दोघांना पटवलं की काम झालं.